रिकामं घर आणि शून्याचं घर: अ‍ॅरेची जागा आधी कशी राखायची

पावसाच्या आकडेवारीवर काम करताना पुण्यात माझ्याकडे दर उन्हाळ्यात इंजिनिअरिंगची मुलं शिकायला येतात. लूप त्यांना येतो, फंक्शन येतं, आलेख तर माझ्यापेक्षा सुंदर काढतात. पण प्रोग्रामच्या पहिल्या चार ओळींत, जिथे अ‍ॅरे (एकाच प्रकारच्या आकड्यांची ओळीने मांडलेली घरं) तयार होतो, तिथे बहुतेक जण विचार न करता 'झीरोज' (सगळी घरं शून्याने भरा) लिहून पुढे जातात. पुढे जे बिघडतं, त्यातलं निम्मं तरी त्या ओळीतून आलेलं असतं. म्हणून या ओळीवर मी इतकं सविस्तर लिहितोय.

उदाहरण सगळीकडे एकच घेतलंय: भारतीय हवामान विभागाचा रोजच्या पावसाचा चौकटींचा डेटा. पाव अंशाची जाळी, अक्षांश ६.५ ते ३८.५, रेखांश ६६.५ ते १००, नोंदी १९०१ पासून. भाषा मुख्यतः पायथन आणि त्यातलं आकडेमोडीचं पॅकेज नमपाय (कोडमध्ये 'एनपी'); मॅटलॅब, सी, फोर्ट्रान, आर यांचं वेगळेपण जिथे महत्त्वाचं आहे तिथे सांगेन. आज्ञांची नावं मी उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत, टाइप करताना नेहमीचं रोमन स्पेलिंग वापरा. (पायथन ३ मध्ये व्हेरिएबलचं नाव 'पाऊस' असं देवनागरीत ठेवलेलं चालतं. आकडे मात्र रोमनच लागतात.)

आधी कागद, मग कीबोर्ड

अ‍ॅरे बनवण्याआधी तो किती मोठा होणार, हे कागदावर काढा. अक्षांशाच्या ओळी किती? ३८.५ वजा ६.५ म्हणजे ३२, भागिले ०.२५ म्हणजे १२८, आणि दोन्ही टोकं धरायची म्हणून अधिक एक: १२९. रेखांशाचे स्तंभ तसेच १३५. म्हणजे एका दिवसाच्या नकाशात १७,४१५ घरं.

इथेच पहिला खड्डा आहे. अक्षांशांची यादी करायला मुलं 'अरेंज' वापरतात: ६.५ पासून ३८.५ पर्यंत, पायरी ०.२५. 'अरेंज' शेवटचं टोक सोडून देतं, त्यामुळे हाती १२८ अक्षांश येतात आणि उत्तरेची एक ओळ गायब होते. 'लिनस्पेस' वापरा आणि त्याला १२९ हा आकडा स्वतः सांगा. पायरी ०.१ सारखी असेल तर हे आणखी महत्त्वाचं, कारण ०.१ हा आकडा संगणकाच्या द्विमान (० आणि १ च्या) पद्धतीत नेमका बसत नाही. मग 'अरेंज' कधी एक घर जास्त देतं, कधी देत नाही. पाव अंश नेमका बसतो, हे आपलं नशीब.

आता दिवस. १९०१ ते २०२० ही १२० वर्षं, त्यात लीप वर्षं ३०. म्हणून ४३,८०० अधिक ३०, म्हणजे ४३,८३० दिवस. गुणाकार केला की घरं होतात ७६,३२,९९,४५०. शहात्तर कोटींच्या वर. एका घराला ८ बाइट लागले तर ६.१ जीबी, ४ बाइट लागले तर ३.०५ जीबी. ज्याच्या लॅपटॉपला ८ जीबी मेमरी आहे त्याचं काम होणार की नाही, हे या एका गुणाकारावर ठरतं. प्रोग्राम लिहून, रात्रभर चालवून मग कळण्यापेक्षा चहा पिता पिता कळलेलं बरं.

मॅटलॅबवाल्यांसाठी इथेच एक सूचना. तिथे झीरोज(१०००००) लिहिलंत तर लाख घरांची एक रांग मिळत नाही, लाख गुणिले लाख असा चौरस मागितला जातो. त्याला ८० जीबी लागतील आणि मॅटलॅब चक्क नकार देईल. रांग हवी असेल तर दोन्ही मापं द्या: झीरोज(१०००००, १). लहान आकड्याला नकार येत नाही, हे जास्त वाईट. झीरोज(३६५) निमूटपणे ३६५ गुणिले ३६५ चा चौरस देतो, तुम्ही त्याच्या पहिल्या स्तंभात भरत राहता, आणि सरासरी काढताना एका आकड्याऐवजी ३६५ आकडे समोर येतात.

लूपमध्ये अ‍ॅरे वाढवला तर नेमकं काय होतं

मेमरीत अ‍ॅरेची घरं एकमेकांना चिकटून असतात. शेवटच्या घरापुढची जागा मोकळी असेलच असं नाही. नमपायचं 'अ‍ॅपेंड' म्हणूनच जुन्या जागेत एक घर वाढवत नाही. ते नवी, एक घर मोठी जागा घेतं, जुनं सगळं तिथे उतरवून काढतं आणि शेवटी नवा आकडा लिहितं. पंगत बसलेली असताना एक पाहुणा वाढला, म्हणून अख्खी पंगत ताटांसकट उचलून शेजारच्या मोठ्या हॉलमध्ये बसवायची, आणि पुढचा पाहुणा आला की पुन्हा तेच. लूपमधलं 'अ‍ॅपेंड' हे असं चालतं.

लाख आकडे असे एकेक करून जोडले तर एकूण नक्कल होते जवळपास ५०० कोटी घरांची. आठ बाइटच्या हिशेबाने ४० जीबी माल इकडून तिकडे. हाती काय लागलं? ८ लाख बाइटचा अ‍ॅरे.

पण सरसकट घाबरू नका. एका वर्षाचे ३६५ आकडे जोडलेत तर सगळी मिळून ६६ हजारांच्या आसपास घरं नकलली जातात, आणि ते डोळ्याची पापणी लवण्याआधी होतं. अशा ठिकाणी वेगासाठी जागा राखण्याचा अट्टहास मी करत नाही. आकार वाढला की मात्र गणित वर्गाच्या पटीत चढतं: दहापट आकडे, शंभरपट नक्कल.

आपल्या जाळीचं बघा. वर्षाची एक फाइल, एकेक वर्ष वाचून 'कॉन्कॅटिनेट'ने आधीच्याला जोडत गेलात, तर चार बाइटच्या प्रकारातसुद्धा १२० वर्षांत सुमारे १८४ जीबी लिहिले जातात. शेवटच्या जोडणीच्या क्षणी जुना आणि नवा दोन्ही अ‍ॅरे मेमरीत असतात, म्हणजे ३ जीबीच्या कामाला ६ जीबी. ८ जीबीचा लॅपटॉप तिथेच गुडघे टेकतो. जागा आधी राखली, तर ३ जीबी अधिक एका वर्षाचे २५ एमबी, एवढंच लागतं.

मॅटलॅबमध्ये असं लूपमध्ये वाढवलं की एडिटर त्या ओळीखाली नारिंगी रेघ ओढून सांगतो की दर फेरीला आकार बदलतोय. ती रेघ बंद करू नका.

आकड्याचा प्रकार तुम्ही ठरवा

नमपायमध्ये 'झीरोज' काही न सांगता ८ बाइटचा दशांशी प्रकार देतं, ज्याला फ्लोट६४ म्हणतात. हवामान विभागाच्या चौकटींच्या फाइलमधले आकडे ४ बाइटचे, फ्लोट३२ असतात. प्रकार सांगायला विसरलात तर ३ जीबीचे ६ जीबी होतात आणि अचूकता रतीभरही वाढत नाही, कारण मुळात माहिती तेवढीच आहे. म्हणून साठवण्यासाठी फ्लोट३२.

बेरजेचं वेगळं आहे. फ्लोट३२ मध्ये पूर्णांक १,६७,७७,२१६ पर्यंतच न चुकता बसतात. त्यापुढे एक मिळवला तरी बेरीज जागची हलत नाही, अशी वेळ येते. लाखो घरांची बेरीज करताना 'सम'ला डीटाइप (आकड्याचा प्रकार) म्हणून फ्लोट६४ सांगा. अ‍ॅरे ४ बाइटचाच राहतो, बेरजेचं भांडं तेवढं मोठं होतं. नमपाय बेरीज जोड्याजोड्यांनी करून चूक आटोक्यात ठेवतं हे खरं, पण ती युक्ती मेमरीत सलग असलेल्या दिशेलाच लागू होते. दिवसांच्या दिशेने बेरीज करताना तिचा आधार मिळत नाही.

पूर्णांकांचा सापळा याहून वाईट आहे, कारण तो गप्प असतो. महिन्यांचे दिवस ३१, २८, ३१ असे लिहून अ‍ॅरे केला की तो पूर्णांकी होतो. मग त्याच्यासारखाच दुसरा हवा म्हणून कुणी 'झीरोज_लाइक' वापरतं आणि त्यात महिन्याचा सरासरी पाऊस भरतं. २३.८ भरला की आत जातो २३. चूक नाही, सूचना नाही, ०.८ मिलिमीटर कायमचा गेला. 'फुल' या आज्ञेलाही भरायला ० दिलात तर पूर्णांकी अ‍ॅरे मिळतो, ०.० दिलात तर दशांशी. एका टिंबाचा फरक. त्यामुळे माझा नियम सरळ आहे: अ‍ॅरे बनवणाऱ्या प्रत्येक ओळीत डीटाइप लिहायचा, गरज असो वा नसो.

मॅटलॅबमध्ये छोटा प्रकार हवा असेल तर तो 'झीरोज'च्या आतच सांगा. आधी दशांशी शून्यं बनवून मग त्यांचं रूपांतर केलं तर क्षणभर का होईना, मोठी जागा लागतेच.

रिकाम्या घरात काय ठेवायचं

या लेखाचा जीव इथे आहे, म्हणून जरा थांबतो.

काही वर्षांपूर्वी एका कामासाठी मी तालुकावार महिन्याचा पाऊस काढून देत होतो. अ‍ॅरे शून्यांनी भरला, लूपने फाइल वाचली, ज्या दिवसाची नोंद सापडली तो दिवस भरला. एका केंद्राचं पर्जन्यमापक जुलैत बिघडलं होतं. ३१ पैकी १७ दिवसांच्याच नोंदी होत्या. उरलेले १४ दिवस माझ्या अ‍ॅरेत शून्य राहिले आणि बेरजेत मिसळून गेले. तक्त्यात तो तालुका कोरडा दिसला. तक्ता ज्यांच्याकडे गेला, त्यांतल्या एका शिक्षकांचा फोन आला. म्हणाले, "सर, तुम्ही ज्या पंधरवड्यात पाऊस नाही म्हणताय ना, त्या पंधरवड्यात आमच्या ओढ्याला पूर होता. मुलं दोन दिवस शाळेत आली नाहीत."

त्यांचं म्हणणं सोळा आणे खरं होतं. शून्य मिलिमीटर हे विधान आहे: कुणीतरी सकाळी मापक पाहिलं आणि त्यात पाणी नव्हतं. नोंद नसणं हे वेगळं विधान आहे: कुणी पाहिलंच नाही, किंवा पाहिलेलं आपल्यापर्यंत आलं नाही. दोन्हींसाठी एकच चिन्ह वापरलं की नंतर त्यांना वेगळं करण्याचा मार्ग उरत नाही. त्या तक्त्याच्या आधारे कुणाला मदत मिळणार असेल किंवा नाकारली जाणार असेल, तर ही चूक माणसांपर्यंत पोचते.

तेव्हापासून मोजमापाचा अ‍ॅरे मी 'नॅन'ने भरतो. नॅन म्हणजे 'हा आकडा नाही' असं सांगणारी दशांशी प्रकारातलीच एक खास किंमत. ओळ अशी:

पाऊस = एनपी.फुल((४३८३०, १२९, १३५), एनपी.नॅन, डीटाइप=एनपी.फ्लोट३२)

नॅनचा गुण असा की तो लपत नाही. साध्या बेरजेत एक नॅन आला की उत्तर नॅन. लूपने एखादा दिवस गाळला असेल तर तो उत्तरात ओरडून सांगतो. याचा दुसरा फायदा थोडा आडवाटेचा आहे. 'झीरोज'ने मोठा अ‍ॅरे मागितला की लिनक्ससारखी प्रणाली जागा देण्याचं फक्त कबूल करते. खरी मेमरी ४ केबीच्या पानापानाने, तुम्ही पहिल्यांदा लिहाल तेव्हा मिळते. त्यामुळे ६ जीबीचा 'झीरोज' क्षणात झाल्यासारखा वाटतो आणि मेमरी संपते ती रात्री दोन वाजता, लूप ऐंशीव्या वर्षावर असताना. 'फुल'ने नॅन भरताना प्रत्येक पानावर लिहिलं जातं. मेमरी पुरणार नसेल तर ते बहुधा पहिल्याच मिनिटात कळतं.

नॅनचेही दोन कंगोरे ध्यानात ठेवा. पूर्णांकी अ‍ॅरेत नॅन बसत नाही, नमपाय तिथे चूक दाखवतं. आणि नॅन कशाच्याच बरोबर नसतो, अगदी स्वतःच्याही नाही, म्हणून तो शोधायला 'इझनॅन' लागतं, बरोबरच्या चिन्हाने सापडत नाही.

हवामान विभागाच्या चौकटींच्या फाइलमध्ये नसलेल्या नोंदीला उणे ९९९ लिहिलेलं असतं. समुद्रावरची, देशाबाहेरची सगळी घरं तशीच. वर्ष वाचलं की पहिलं काम म्हणजे उणे ९९९ च्या जागी नॅन. मग बेरजेला 'नॅनसम' (नॅन वगळून बेरीज करणारी आज्ञा) वापरायचा मोह होतो, आणि इथे सावध व्हा: सगळीच घरं नॅन असतील तर 'नॅनसम' उत्तर देतं शून्य. अरबी समुद्र कोरडा ठरतो आणि ज्या केंद्राची महिनाभर नोंद नाही तेही. ज्या चुकीतून बाहेर पडायला नॅन आणला, तीच मागच्या दाराने परत येते. 'नॅनमीन' निदान नॅन देऊन इशारा तरी छापतं. 'नॅनसम' वापराल तिथे किती घरं भरलेली होती तो आकडा शेजारी ठेवा.

आरमध्ये 'न्यूमेरिक' शून्यं देतं. तिथे मोजमापासाठी 'रेप' वापरून दशांशी एनए (आरमधली 'नोंद नाही' ही खूण) भरा. साधा एनए तर्कप्रकारातला (खरं-खोटं या प्रकारातला) असतो, पहिला दशांश आकडा भरताच सगळा सदिश बदलून पुन्हा बनतो.

मग शून्य चुकीचंच का? मुळीच नाही. बेरजेचं भांडं शून्यानेच सुरू व्हायला हवं, पावसाच्या दिवसांची मोजणी शून्यानेच. गुणाकाराची सुरुवात एकने. सर्वांत लहान शोधायचा असेल तर अनंताने, सर्वांत मोठा शोधायचा असेल तर उणे अनंताने, किंवा सरळ पहिल्या आकड्याने. पुण्याचं नोंदलेलं नीचांकी तापमान १.७ अंश आहे, जानेवारी १९३५ मधलं. किमान तापमान शोधणाऱ्या लूपची सुरुवात शून्याने केलीत, तर शंभर वर्षांचा डेटा दिला तरी उत्तर येईल शून्य, आणि हिवाळ्याचं म्हणून ते कुणाला खरंही वाटेल.

'एम्प्टी' कधी वापरायचं

'एम्प्टी' नुसती जागा देतं, तिच्यात काही भरत नाही. आत जे आधीचं पडलेलं असेल ते. फसवणूक अशी होते की पहिल्यांदा चालवल्यावर आत बहुधा शून्यंच दिसतात, कारण प्रणालीकडून ताजी आलेली पानं सुरक्षेसाठी पुसूनच दिली जातात. पण प्रोग्रामने एकदा वापरून सोडलेली जागा पुन्हा मिळाली की तिच्यात जुने आकडे तसेच असतात. म्हणून छोट्या चाचणीत बरोबर, खऱ्या कामात चूक, आणि तीही दर वेळी वेगळी. अशी चूक शोधण्यात आठवडे जातात.

माझं मत: पुढच्याच ओळीत सगळीच्या सगळी घरं एका फटक्यात भरली जाणार असतील तरच 'एम्प्टी'. मध्ये 'जर' असेल, गाळलेली फाइल असेल, लवकर बाहेर पडणारा लूप असेल, तर नको. वाचणारा वेळ फार थोडा असतो.

सी भाषेत 'मॅलॉक' आणि फोर्ट्रानमध्ये 'अ‍ॅलोकेट' हेच करतात, फक्त नावात तसं काही सांगत नाहीत. सीमध्ये शून्यं हवी तर 'कॅलॉक'. तिथलेच दोन नेहमीचे गैरसमज: दहा घरांचा अ‍ॅरे महिरपी कंसात १ लिहून सुरू केला तर पहिल्या घरात १ आणि बाकी नऊ घरांत शून्य येतं, दहाही घरांत १ नाही. आणि 'मेमसेट' प्रत्येक बाइट भरतं, आकडा नाही. चार बाइटच्या पूर्णांकांत त्याने १ भरायला गेलात तर घरात येतो १,६८,४३,००९. न भरलेली घरं वाचली जातात का, हे व्हॅलग्रिंड या मेमरी तपासणाऱ्या साधनाखाली एकदा चालवून बघा.

फोर्ट्रानची एक खोड इथे सांगायलाच हवी, कारण पुण्यात हवामानाच्या मॉडेलवर काम करायला गेलात तर फोर्ट्रान समोर येणारच. सबरूटीनमध्ये चल जाहीर करतानाच त्याला ०.० दिलंत, तर ते फक्त पहिल्या हाकेला लागू होतं. पुढच्या हाकेला त्यात आधीची किंमत शिल्लक असते. पहिलं वर्ष बरोबर, दुसऱ्यात पहिल्याची बेरीज मिसळलेली. जाहीर एका ओळीत करा, शून्य खाली वेगळ्या ओळीत द्या.

भरताना क्रमांक कसा काढायचा

पुणे साधारण १८.५२ उत्तर, ७३.८६ पूर्व. जाळीतलं सर्वांत जवळचं घर १८.५ आणि ७३.७५. ओळ: १८.५ वजा ६.५, भागिले ०.२५, म्हणजे ४८. स्तंभ: ७३.७५ वजा ६६.५, भागिले ०.२५, म्हणजे २९. पायथनमध्ये मोजणी शून्यापासून असल्याने हेच क्रमांक, मॅटलॅब आणि फोर्ट्रानमध्ये ४९ आणि ३०. लोणावळ्याचं जवळचं घर ओळ ४९, स्तंभ २८, म्हणजे तिरकं शेजारी. घाटावरचा पाऊस आणि पुण्याचा पाऊस यांत जमीनअस्मानाचा फरक आहे, आणि जाळीत ते अंतर एका घराचं. एकाने चुकलात तर पुण्याच्या नावावर लोणावळ्याचा पाऊस पडेल.

दिवसाचा क्रमांक हाताने मोजू नका, तारखांची वजाबाकी करा. पानशेत फुटलं तो दिवस १२ जुलै १९६१. त्यातून १ जानेवारी १९०१ वजा केला की २२,१०७ दिवस येतात. तोच क्रमांक. मी प्रत्येक नव्या प्रोग्रामला हा आकडा विचारतो. २२,१०६ किंवा २२,१०८ आलं तर लीप वर्षाची किंवा सुरुवातीची गडबड आहे. एक बारकावा: हवामान विभागाचा दिवसाचा पाऊस सकाळी साडेआठला मोजतात, आधीच्या २४ तासांचा. त्यामुळे १२ जुलैच्या घरात बराचसा पाऊस ११ तारखेचा असतो. तासातासाच्या डेटाशी जोडताना हे विसरलात तर सगळं एक दिवस सरकतं.

आणि उणे क्रमांकापासून जपा. नमपायमध्ये उणे १ म्हणजे शेवटचं घर. तुमच्या फाइलमध्ये ३१ डिसेंबर १९०० ची एखादी नोंद शिरली तर वजाबाकी उणे १ येईल आणि ती नोंद ३१ डिसेंबर २०२० च्या घरात जाऊन बसेल, हाक ना बोंब. भरण्याआधी क्रमांक शून्य ते ४३,८२९ मध्ये आहे का हे 'असर्ट'ने तपासा. मॅटलॅबची खोड उलट आहे: शेवटच्या पुढच्या घरात लिहिलं तर तो न विचारता अ‍ॅरे वाढवतो आणि मधली घरं शून्यांनी भरतो. तिथे लूपनंतर आकार पुन्हा तपासायचा.

भरताना घरात भरा, नाव बदलू नका. पाऊस[क्रमांक] = नकाशा असं लिहिलं की राखलेल्या जागेत लिहिलं जातं. पाऊस = नकाशा असं लिहिलं की 'पाऊस' हे नाव दुसऱ्याच अ‍ॅरेला चिकटतं आणि राखलेली जागा वाऱ्यावर जाते. लूपमध्ये तेच भांडं पुन्हा वापरायचं असेल तर पाऊस[:] = ० लिहा, नवा 'झीरोज' बनवू नका.

याच जातीची दुसरी चूक म्हणजे एकाच अ‍ॅरेला दोन नावं. ब = अ लिहिलं की नक्कल होत नाही, 'कॉपी' म्हणावं लागतं. पायथनच्या साध्या यादीने तीन गुणिले तीनचा तक्ता [[०]*३]*३ असा केला, तर तिन्ही ओळी प्रत्यक्षात एकच असतात. एका ओळीत पाऊस पडला की तिन्हींत पडतो. ज्युलिया भाषेत 'फिल'ला अ‍ॅरे दिला तर नेमकं हेच होतं.

आकार आधी माहीतच नसेल तर

कधी कधी नसतोच. १०० मिलिमीटरच्या वर पाऊस झालेले दिवस किती निघतील, कोण सांगणार? अशा वेळी पायथनची साधी यादी वापरा. तिचं 'अपेंड' शहाणं आहे. ती दर वेळी थोडी जास्तीची जागा घेऊन ठेवते, त्यामुळे सगळी पंगत क्वचितच उठते. शेवटी एकदाच यादीचा अ‍ॅरे करा. दुसरा मार्ग म्हणजे वरची मर्यादा धरून मोठा अ‍ॅरे घ्यायचा, किती भरले ते मोजत जायचं आणि शेवटी तेवढाच तुकडा 'कॉपी' करून ठेवायचा. 'कॉपी' विसरलात तर छोट्या तुकड्यामागे मोठा अ‍ॅरे मेमरी अडवून बसतो.

सी प्लस प्लसमध्ये 'रिझर्व' आणि 'रीसाइज' यांत गल्लत करू नका. 'रीसाइज'ने हजार शून्यं आत येतात. त्यावर 'पुश_बॅक' (शेवटी एक आकडा जोडणं) केलं की तुमचा पहिला आकडा हजार शून्यांनंतर जातो. 'पुश_बॅक' करणार असाल तर 'रिझर्व', ते नुसती जागा राखतं.

मेमरीत कोण कोणाशेजारी

(दिवस, ओळ, स्तंभ) असा अ‍ॅरे नमपायमध्ये घेतला की एका दिवसाचा अख्खा नकाशा सलग असतो. नकाशे काढायचे असतील तर उत्तम. पण एकट्या पुण्याची १२० वर्षं हवी असतील, तर दोन लागोपाठच्या दिवसांत ६९,६६० बाइटचं अंतर पडतं. प्रत्येक आकड्यासाठी नवं पान उघडावं लागतं. काम मुख्यतः ठिकाणवार असेल तर जागा राखतानाच (ओळ, स्तंभ, दिवस) असा क्रम घ्या. फोर्ट्रान आणि मॅटलॅबमध्ये हे उलट, तिथे पहिला निर्देशांक सलग असतो.

पुढे पाषाणच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेतल्या 'अर्का' किंवा आयसर या विज्ञान संस्थेतल्या 'परम ब्रह्म'सारख्या मोठ्या यंत्रणेवर काम न्यायचं असेल, तर आणखी एक गोष्ट. एका नोडवर, म्हणजे त्या यंत्रणेतल्या एका संगणकावर, दोन प्रोसेसर असतात, प्रत्येकाची मेमरी त्याच्या जवळ. पान कुणाच्या मेमरीत ठेवायचं हे, पहिल्यांदा त्यावर कोण लिहितं त्यावर ठरतं. सुरुवातीची भरणी एकट्या धाग्याने (थ्रेडने, म्हणजे प्रोग्रामच्या एकाच प्रवाहाने) केली तर सगळी पानं एकाच बाजूला जातात आणि पुढच्या समांतर लूपमध्ये दुसरा प्रोसेसर वाट बघत बसतो. ज्या वाटणीने पुढे काम करणार, त्याच वाटणीने पहिली भरणीही करा.

शेवटची तपासणी

लूप संपला की आलेख काढायच्या आधी आकार आणि डीटाइप छापा. मग नॅन मोजा. जमिनीवरच्या एखाद्या ओळखीच्या घरात, म्हणजे ओळ ४८, स्तंभ २९ मध्ये, किती नॅन आहेत? अख्खं एक वर्ष नॅन असेल तर ती फाइल वाचलीच गेली नाही. समुद्रातल्या घरात उलट सगळे नॅन असायला हवेत. तिथे आकडे दिसले तर ओळ आणि स्तंभ यांची अदलाबदल झाली आहे. सर्वांत लहान किंमत बघा: ती उणे ९९९ असेल तर बदलायची राहिली आहे.

त्या तालुक्याचा तक्ता मी दुरुस्त करून पाठवला तेव्हा बेरजेच्या शेजारी एक नवा स्तंभ घातला: 'उपलब्ध दिवस'. त्या केंद्रापुढे तिथे १७/३१ लिहिलं आणि बेरजेची जागा मोकळी सोडली. तो स्तंभ मी आजही प्रत्येक तक्त्यात ठेवतो.